हायड्रोजन गळतो तो सांध्यातून : उद्योग विभाग आणि महाऊर्जेला कुपवाडहून खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, उद्योग विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
मा. महासंचालक, महाऊर्जा (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण), पुणे

विषय : हायड्रोजन प्रकल्पांना लागणाऱ्या सुट्या भागांच्या तपासणीसाठी मिरज-कुपवाड औद्योगिक वसाहतीत सामायिक सुविधा उभारण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत गेली सव्वीस वर्षे एक लहानसे मशीन शॉप चालवतो. चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी (उभे मिलिंग यंत्र), दोन जुन्या ट्रॉब (ऑटोमॅटिक लेथ) आणि चौदा माणसे एवढाच माझा पसारा आहे. वाफ, तेल, हवा आणि गॅस यांच्या लाइनींना लागणारे निडल व्हॉल्व्ह, फिटिंग, ॲडॉप्टर आणि पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, ड्रॉइंगप्रमाणे येतील ते टर्निंगचे जॉब आम्ही करतो. हे पत्र बंद पाकिटात न पाठवता उघडपणे लिहितो आहे, कारण यातील अडचण माझ्या एकट्याच्या शेडची नाही. मिरज, कुपवाड, पलूस, सातारा, शिरवळ अशा वसाहतींमध्ये माझ्यासारखे अनेक कारखानदार याच दाराशी येऊन थांबले आहेत, आणि प्रत्येकाला वाटते की आपणच कुठेतरी कमी पडलो.

हायड्रोजन आम्हाला नवा नाही. आमची त्याच्याशी ओळख आहे, पण ती शत्रू म्हणून झालेली. साधारण वीस वर्षांपूर्वी एका पार्टीला आम्ही १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार कडक पोलादाचे, खास मापाचे बोल्ट झिंक प्लेटिंग करून दिले होते. संध्याकाळी त्यांनी ते टॉर्क लावून आवळले, आणि सकाळची शिफ्ट आली तेव्हा त्यांतल्या काहींची डोकी जमिनीवर पडलेली होती. रात्रभर त्या यंत्राला कुणी हात लावला नव्हता. प्लेटिंगच्या आधी ॲसिडमध्ये बुडवताना आणि नंतर टाकीत प्रत्यक्ष प्लेटिंग होताना हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात, आणि पोलाद जितके कडक तितका हा शिरकाव त्याला जास्त भोवतो. म्हणून असे बोल्ट टाकीतून बाहेर काढल्यावर साधारण चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजावे लागतात. आमच्या प्लेटिंगवाल्याने त्या दिवशी खर्च वाचवायला हे भाजणेच टाळले होते. तेव्हापासून आमच्याकडे या भाजण्याचा, म्हणजे बेकिंगचा, चार्ट पाहिल्याशिवाय कडक माल उतरवून घेतला जात नाही. हे सांगण्याचे कारण असे की हायड्रोजनने धातू ठिसूळ होतो हे आमच्या भागातल्या कारागिराला सेमिनारमध्ये शिकवावे लागत नाही. त्याचे पैसे आम्ही एकदा भरलेले आहेत.

आता तोच हायड्रोजन इंधन म्हणून आणि खतांच्या, शुद्धीकरणाच्या, पोलादाच्या कारखान्यांचा कच्चा माल म्हणून येऊ घातला आहे. त्याविषयी जे बोलले जाते त्यात इलेक्ट्रोलायझर हा शब्द वारंवार येतो, आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की ते एकच मोठे यंत्र असून ते बसवले की वीज आणि पाणी घालून गॅस काढता येतो. प्रत्यक्षात त्याच्या खर्चाचा साधारण निम्मा वाटा मूळ स्टॅकबाहेरच्या, म्हणजे जिथे पाण्यापासून गॅस वेगळा होतो त्या गाभ्याबाहेरच्या, सामग्रीचा असतो. पाणी शुद्ध करणारा संच, रेक्टिफायर, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण फिरवणारे पंप, गॅस आणि द्रावण वेगळे करणारी भांडी, कूलर, ड्रायर, कॉम्प्रेसर, आणि या सगळ्यांना जोडणारे पाइप, व्हॉल्व्ह, फिटिंग, गॅस्केट असा तो पसारा आहे. खुद्द स्टॅकसुद्धा दोन जाड एंड प्लेट आणि त्यांना आवळून धरणारे लांब टाय रॉड यांच्यामध्ये दाबून बसवलेली प्लेटांची चळत असते. ती ७० ते ९० अंशांपर्यंत तापते, फुगते, बंद केल्यावर आकसते. त्या हालचालीत दाब कायम राहावा म्हणून टाय रॉडच्या टोकांना डिस्क स्प्रिंग बसवाव्या लागतात. एंड प्लेट, टाय रॉड आणि स्प्रिंग या तिन्हींत मला तरी असे काही दिसत नाही जे सांगली-साताऱ्याच्या फाउंड्रीत, फोर्जिंगमध्ये किंवा मशीन शॉपमध्ये होणार नाही.

यांतला एक भाग जरा जवळून दाखवतो. अल्कलाइन प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन तयार होतो, आणि दोहोंच्या मध्ये केवळ एक पातळ सच्छिद्र पडदा असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहिला तरच वायू आपापल्या घरात राहतात. हा समतोल राखण्याचे काम दोन लहान कंट्रोल व्हॉल्व्ह करतात. त्यांपैकी एकाचा स्टेम (आतला दांडा) जरा अडकला, किंवा तो जिथे टेकून गॅस अडवतो त्या सीटवर कचरा बसून तो पूर्ण मिटेनासा झाला, की दाबात फरक पडतो आणि हायड्रोजन पडद्यातून ऑक्सिजनच्या बाजूला सरकू लागतो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण पेट घेऊ शकते आणि थेट ७५ टक्क्यांपर्यंत ते पेटते राहते. ऑक्सिजनमध्येही खालची मर्यादा साधारण तेवढीच आहे. त्यामुळे ऑक्सिजनमधले प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की प्रकल्प आपोआप बंद पडेल अशी सोय केलेली असते. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या व्हॉल्व्हसाठी कोट्यवधींचा प्रकल्प थांबतो, आणि तो व्हॉल्व्ह परदेशातून यायचा असेल तर थांबलेलाच राहतो. हायड्रोजन स्वस्त होण्यासाठी वीज स्वस्त व्हायला हवी हे खरेच आहे. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते, तेव्हा त्याबद्दल वाद नाही. पण बंद पडलेल्या प्रकल्पात स्वस्त विजेचाही काही उपयोग नसतो, आणि प्रकल्प चालता ठेवण्याचे काम सुटे भाग करणाऱ्याकडे असते.

मागणी किती, असा प्रश्न आपल्या कार्यालयात निघेल, म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. केंद्राच्या वतीने देशातल्या १३ खत कारखान्यांसाठी वर्षाला ७.२४ लाख टन हरित, म्हणजे सौर-पवन यांसारख्या विजेवर काढलेल्या हायड्रोजनपासून केलेला, अमोनिया घेण्याच्या निविदा काढण्यात आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांतला पहिला लिलाव किलोला ५५.७५ रुपये दराने सुटला. अमोनियाच्या वजनात हायड्रोजन साधारण १७.६ टक्के असतो, म्हणजे एवढ्या अमोनियाला सव्वा लाख टनांहून थोडा जास्त हायड्रोजन लागेल. किलोला ५२ युनिट आणि वर्षातला निम्मा वेळ पूर्ण भार असे धरले तर इलेक्ट्रोलायझरची क्षमता दीड हजार मेगावॅटच्या घरात जाते. एकेक स्टॅक पाच मेगावॅटचा धरला तर असे तीनशे स्टॅक झाले, आणि प्रत्येकाभोवती डझनांनी व्हॉल्व्ह आणि शेकड्यांनी फिटिंग. हा हिशेब माझ्या वहीतला आहे आणि तज्ज्ञ त्यात दुरुस्ती करतील. पण हा केवळ एका खरेदीचा हिशेब आहे, आणि राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे २०३० चे उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचे आहे.

धोरणांबद्दल तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातले १७,४९० कोटी उत्पादन-प्रोत्साहनासाठी आहेत, आणि त्यांपैकी ४,४४० कोटी देशात इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांसाठी. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये ८,५६२ कोटींचे स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले आणि त्याची जबाबदारी महाऊर्जेकडे दिली. पारेषण शुल्कात सूट, विद्युत शुल्कात माफी, पहिल्या २० हायड्रोजन भरणा केंद्रांना भांडवली अनुदान, पहिल्या ५०० वाहनांना मदत या त्यातल्या ठळक सवलती आहेत. या सगळ्या सवलतींचा धनी प्रकल्पाचा किंवा वाहनाचा मालक आहे. इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना केंद्राचे प्रोत्साहन मिळताना त्यांचे स्थानिक मूल्यवर्धन पाहिले जाते, त्यामुळे त्यांनाही देशी भाग हवेच आहेत, आणि आमच्याकडे चौकशा येतात त्या त्यामुळेच. पाणी वरून सोडलेले आहे हे मान्य. शेवटच्या टोकाच्या शेताकडे येणारी चारी मात्र अजून खोदलेली नाही.

ती कुठे अडली आहे ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. काही काळापूर्वी एका पार्टीला हायड्रोजनच्या लाइनसाठी ४० व्हॉल्व्ह बॉडी नमुन्यादाखल करून द्यायच्या होत्या. स्टेनलेस ३१६ एल, ड्रॉइंग स्वच्छ, माप आमच्या हातातले. आम्ही नेहमीप्रमाणे नायट्रोजनचा दाब देऊन, पाण्याच्या टाकीत बुडवून, एकेक बॉडी पाच मिनिटे पाहिली. एकही बुडबुडा आला नाही. माल गेला. तिकडे हेलियम वायू वापरून गळतीची तपासणी झाली आणि ११ नग परत आले. परतीच्या कागदावर एकच शब्द होता, गळती. कुठून, किती, कशामुळे, काही नाही.

आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी परत आलेली एक बॉडी बॅटरीच्या उजेडात तिरकी धरली, दहापट दिसणाऱ्या भिंगातून सीटकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘शेठ, गोल रेघ चालती, उभी रेघ चालत नाही.’’ सीटवर टर्निंगच्या गोल रेघा असतातच. त्या चालतात, कारण गॅसला त्या ओलांडून पलीकडे जावे लागते आणि दर रेघेगणिक त्याला एक बांध आडवा येतो. पण कट पूर्ण झाल्यावर टूल जर तसेच, न उचलता मागे घेतले, तर त्याचे टोक सीटवर आतून बाहेर अशी एक केसासारखी रेघ ओढते. ती रेघ म्हणजे गॅससाठी सरळ पाट. पाण्याच्या टाकीत तिच्यातून बुडबुडा निघायला कदाचित तास लागला असता, आणि आम्ही पाच मिनिटे पाहत होतो. साबणाच्या फेसाला दिसणाऱ्या गळतीपेक्षा लाखपटीने बारीक गळती हेलियमचे यंत्र पकडते. आमचा डोळा आणि आमची टाकी तिथे पोहोचणे शक्यच नव्हते.

दुरुस्ती किती होती म्हणाल, तर प्रोग्रॅममध्ये दोन ओळी. टूल मागे येण्याआधी ते सीटपासून अर्धा मिलिमीटर उचलायचे. मात्र ती दुरुस्ती खरोखर लागू पडली की नाही हे पाहण्यासाठी आम्हाला नवे नग पुन्हा पार्टीच्या वेळेनुसार पाठवावे लागले, दुसऱ्या फेरीत ओ-रिंगच्या (रबरी सीलच्या कडीच्या) खाचेत दोष निघाला, त्यासाठी तिसरी फेरी झाली. लेथवरचे काम सगळे मिळून एका दिवसाचे असेल. फेऱ्यांमध्ये साडेचार महिने गेले, आणि तोवर पार्टीने आयात व्हॉल्व्हची ऑर्डर देऊन टाकली होती. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचाही प्रकल्प कुणाच्या तरी तारखेला बांधलेला होता. पण हेच यंत्र कुपवाडमध्ये, सायकलवरून नग नेता येईल इतक्या अंतरावर असते, तर मामांनी सकाळी नग लावला असता, दुपारी तपासला असता, संध्याकाळी टूल बदलले असते. सुटा भाग सुधारतो तो असाच, दिवसाला दोन चुका या वेगाने. महिन्याला एक चूक या वेगाने तो सुधारेपर्यंत कारखानदाराचे व्याज थांबत नाही.

दुसरी अडचण मालाची, म्हणजे कच्च्या धातूची आहे. ३१६ जातीच्या स्टेनलेसमध्ये निकेल १० ते १४ टक्के चालते असे प्रमाणक म्हणते. निकेल महाग, म्हणून बाजारात येणारा बार बहुधा दहाला चिकटून असतो, आणि पाण्याच्या किंवा वाफेच्या कामाला त्याने काही बिघडत नाही. जास्त दाबाच्या हायड्रोजनसाठी मात्र जाणकार पार्ट्या १२ टक्क्यांच्या वर निकेल मागतात, कारण निकेल कमी असले की ओढताना किंवा वाकवताना धातूची घडण बदलते आणि तो हायड्रोजनपुढे ठिसूळ पडतो. वाहनांच्या टाक्यांमध्ये ३५० ते ७०० बार (इथे बार हे दाबाचे एकक) इतका दाब असतो. तिथे ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही. असा जास्त निकेलचा धातूचा बार करून देणारे आहेत, पण ते टनांच्या भाषेत बोलतात, आणि मला नमुन्याच्या लॉटला लागतो दोनशे किलो. मग मी व्यापाऱ्याकडून आणतो, आणि व्यापाऱ्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक, बारवर कोरलेल्या नंबरशी जुळेलच याची खात्री मला देता येत नाही. शंका आली की बारचा तुकडा कापून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायला पाठवायचा, तोवर मशीन रिकामे.

स्वच्छतेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. इंधन पेशीला, म्हणजे हायड्रोजनपासून थेट वीज करणाऱ्या संचाला, लागणारा हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध असावा लागतो आणि त्यात गंधकाची मर्यादा शंभर कोटी भागांत चार भाग इतकी कडक आहे. आमच्या कटिंग ऑइलमध्ये गंधक असते. फिटिंगच्या आट्यांत राहिलेला तेलाचा थर पुढे कुठे जाऊन बसेल याचा विचार आजवर आम्हाला करावा लागला नव्हता. धुण्याचे, वाळवण्याचे आणि पिशवीत सील करण्याचे स्वच्छ दालन प्रत्येकाने स्वतःच्या शेडमध्ये बांधावे असे म्हणणे म्हणजे त्याने हे काम घेऊ नये असे म्हणण्यासारखेच आहे.

हे सगळे या भागाला झेपेल का, अशी शंका कुणी घेतली तर मला तिचे नवल वाटणार नाही, पण इतिहास तिच्या बाजूचा नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना आणला तेव्हा तिथे निवडुंगाखेरीज फारसे काही नव्हते. आज किर्लोस्करवाडीचे पंप देशभर आहेत. साताऱ्यात कूपर यांची फाउंड्री १९२२ पासूनची आहे. फलटणला कमिन्सचे इंजिनांचे मोठे संकुल आहे. विश्रामबागेत वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आहे. त्यांतले बहुतेक पुण्याची गाडी धरतात, हा भाग वेगळा. आणि मोठ्या नावांच्या पलीकडे, द्राक्षबागांचे ब्लोअर, साखर कारखान्यांचे स्पेअर, हळद पॉलिश करण्याची यंत्रे, विट्याच्या मागांचे भाग करणाऱ्या शेकडो शेड आहेत, ज्यांनी ड्रॉइंग नसताना नुसत्या तुटलेल्या तुकड्यावरून भाग करून दिले आहेत. विजेवरच्या गाड्यांमुळे यांतल्या अनेकांचे इंजिनाचे काम आज ना उद्या कमी होणार आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनात पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह सीट राहतात. इलेक्ट्रोलायझरमध्ये व्हॉल्व्ह आणि पंप वाढतात. या हातांना पुढचे काम कोणते, याचे निदान एक उत्तर इथे आहे.

आमची मुख्य मागणी एकच आहे. मिरज-कुपवाड वसाहतीत एक सामायिक तपासणी केंद्र व्हावे. त्यात हेलियम गळती तपासणीचे यंत्र, हजारो वेळा दाब चढवून उतरवणारा चाचणी बाक, स्पेक्ट्रो, कडकपणा आणि पृष्ठभाग मोजणारी उपकरणे आणि एक स्वच्छ धुलाई दालन असावे. प्रत्यक्ष हायड्रोजनवरची चाचणी इथे करावी असा आमचा हट्ट नाही. त्यासाठी लागणारी जागा आणि सुरक्षा वेगळ्या दर्जाची असते, आणि ती पुण्यात होऊ शकेल. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ज्या चार हायड्रोजन व्हॅली ठरवल्या आहेत त्यांतली एक पुण्याची आहे, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साह्याने विकसित केलेली इंधन पेशीवरची बस पुण्यातच लोकांसमोर आली. पण शंभरातल्या नव्वद चुका हेलियमवर आणि स्वच्छ दालनातच सापडणाऱ्या आहेत, आणि त्यासाठी पेठ नाक्यावरून पुण्याचा महामार्ग धरायला लागू नये. पैशाचे मार्गही आहेत. केंद्राने जुलै २०२४ मध्ये अभियानांतर्गत तपासणी सुविधांसाठी २०० कोटींच्या योजनेची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या समूह विकासाची केंद्राची आणि राज्याची अशा दोन्ही योजना सामायिक सुविधा केंद्रांना मदत करतात. या योजनांच्या चौकटी वेगवेगळ्या विभागांत आहेत, आणि त्या एका टेबलावर आणणे हे लहान कारखानदाराच्या ताकदीबाहेरचे काम आहे. ते उद्योग विभाग आणि महाऊर्जा मिळून करू शकतात, म्हणून पत्र दोघांना आहे. याच केंद्रात प्रमाणित धातूचा साठा ठेवला आणि तो शंभर-दोनशे किलोंत विकत मिळाला, तर वर सांगितलेली दुसरी अडचणही तिथल्या तिथे सुटेल.

हायड्रोजन अपेक्षेइतका आलाच नाही तर या केंद्राचे काय, असे विचारणे योग्य आहे. मी स्वतः हायड्रोजनचा भक्त नाही. घरची गाडी त्यावर चालेल असे मला वाटत नाही, आणि जाहीर झालेले सगळेच प्रकल्प उभे राहतील असेही नाही. पण गळती तपासणारे यंत्र फक्त हायड्रोजनसाठी नसते. सीएनजीचे व्हॉल्व्ह, एलपीजीचे रेग्युलेटर, शीतगृहांच्या लाइनी, रुग्णालयांतला ऑक्सिजन, सगळ्यांना ते लागते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या फिटिंगसाठी रात्री दोन वाजता आमच्या शेडचे दार वाजत होते; तेव्हा आम्ही माल दिला तो साबणाच्या फेसावर तपासून. हायड्रोजनच्या निमित्ताने आलेले यंत्र हायड्रोजनशिवायही बसून राहणार नाही.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. सिलिंडर आणि दाबपात्रे यांच्या व्हॉल्व्हना पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची, मान्यता लागते. तिचे मुख्यालय नागपूरला, आपल्याच राज्यात आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत सांगलीत किंवा साताऱ्यात दोन दिवस बसून कोणत्या भागाला कोणती कागदपत्रे आणि कोणत्या चाचण्या लागतात हे प्रत्यक्ष ड्रॉइंग समोर ठेवून सांगितले, तर आमचे निम्मे अर्ज परत येणार नाहीत. दुसरे असे की राज्याची सवलत घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने आपल्याला लागणाऱ्या व्हॉल्व्ह, फिटिंग, फ्लँज, टाय रॉड यांची यादी, मापे, दाब आणि अंदाजे संख्या खरेदीच्या वर्षभर आधी जाहीर करावी, एवढी अट घालता येईल. यात कुणाला आरक्षण नको, किमतीत सूटही नको. काय लागणार आहे हे आधी कळले तर तयारी करता येते. निविदा निघाल्यावर कळले तर फक्त वाचता येते. बिले ४५ दिवसांत मिळण्याविषयी कायदा आहे आणि त्याचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्यावर इथे लिहीत नाही.

आपल्या अधिकाऱ्यांनी कुपवाडला यावे, वसाहतीतल्या चार-पाच शेड पाहाव्यात आणि मगच निर्णय करावा, अशी विनंती आहे. परत आलेले ते ११ नग मी भंगारात घातलेले नाहीत. मामांनी प्रत्येकावर गळतीची जागा मार्करने दाखवून ते फळीवर ओळीने ठेवले आहेत. नवे यंत्र बसवले की ते नीट चालते की नाही हे पाहायला एखादा खात्रीचा गळका नमुना लागतो. तो आमच्याकडून मिळेल.

कळावे,

आपला विश्वासू,
कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एक सुटे भाग उत्पादक

प्रत माहितीस्तव : महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, सांगली आणि सातारा